ईशान्येचा कोपरा

१

भगवंतराव पाठक गुरुजींनी उद्धवचा हात मनगटाला धरून वर केला, तेव्हा इंद्रभान मेलेला होता.

हे त्यांना दोन-चार मिनिटांनी कळलं. त्या घटकेला दिसत होतं ते एवढंच, की फळ्यांच्या आखाड्यात, ईशान्येच्या कोपऱ्यात, काळा बुरखा घातलेला पहिलवान पाठीवर पडला आहे, दहा आकडे मोजून झाले आहेत आणि पंच म्हणून निकाल देणं आपलं काम आहे. मेहकरच्या बाजाराच्या मैदानावर हजारभर माणूस उभं राहून ओरडत होतं. मार्गशीर्षातलं ऊन पिवळं पडून उतरत होतं.

गुलाबरावांची फ्री-स्टाइल कुस्तीची कंपनी तीन दिवसांच्या बोलीवर गावात आली होती. महाराष्ट्र राज्य होऊन दुसराच हिवाळा. असला खेळ मेहकरात कुणी पाहिला नव्हता. माती नाही, हौदा नाही. पिंपांवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, चार कोपऱ्यांना चार खांब आणि भोवती दोरखंड. शेवटची जोड रोज एकच. एकीकडे बुरखेवाला 'काळा पहाड', म्हणजे इंद्रभान. दुसरीकडे कंपनीत शिरलेला गावचाच उद्धव. काळा पहाड दगाबाजी करी, उद्धव मार खाई, बायामाणसं हळहळत. मग उद्धव त्याला खांद्यावर आडवा घेई, तीन गिरक्या मारी आणि त्या कोपऱ्यात आपटी. काळा पहाड दहा मोजेपर्यंत पडून राही, मग मूठ दाखवत उठे आणि शिव्या खात पडद्याआड जाई.

आज तो उठला नाही.

पडद्याआडून त्याची बायको अन्नपूर्णाबाई आली. दोरखंडाखालून वाकून आत शिरली. तिने बुरखा वर सरकवला आणि खांदा हलवला.

"अजी, उठा ना. दहा झाले."

मैदान एकदम शांत झालं. उद्धवचा हात अजून गुरुजींच्या हातात होता. त्याने तो सोडवून घेतला.

"गुरुजी, मी रोजच्यासारखंच टाकलं त्यायले. तुमच्या गळ्याची आण!"

पण गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "काल सांजीले हाच म्हणत होता, उद्या पायतो तुले! समद्यायनं आयकलं!"

दिवेलागणीला उद्धव पोलीस ठाण्यात होता.

२

सकाळी उन्हं अंगणात यायच्या आत रुखमाबाई दारात येऊन बसली. उद्धवची आई. पैनगंगेच्या काठी तिचा भाजीचा मळा. गुरुजींच्या घरी वांगी-मेथी तिच्याकडूनच यायची. आज पाटी नव्हती.

"गुरुजी, तुमी पंच होते," ती म्हणाली. "तुमी पाह्यलं. माह्या पोट्ट्यानं मारलं का त्याले?"

"नाही, रुखमाबाई."

"मंग सांगा ना फौजदारले. दोनच्या यष्टीनं बुलढाण्याले नेऊन राह्यले त्याले. एकडाव तिकडं गेला का मले दिसत नाई तो."

भगवंतरावांनी कोट चढवला. उद्धव त्यांचा चौथीचा विद्यार्थी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. आता त्यांचं सगळं जीवन बालाजीच्या देवळात, कीर्तनाच्या सतरंजीवर होतं. टाळ वाजला की पाय तिकडे वळायचे. खरं तर कुस्तीच्या खेळात पंच व्हायला ते नाहीच म्हणत होते. पहिल्या दिवशी त्यांना हा सगळा बनाव वाटला, रागही आला. दुसऱ्या दिवशी मात्र लक्षात आलं, की अरे, हे तर आख्यान आहे! गोष्ट सर्वांना ठाऊक, शेवट ठरलेला, तरी ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. मग त्यांनी वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोणता डाव, कुठल्या कोपऱ्यात, कितव्या गिरकीला. शिक्षकाची खोड.

तिसरा दिवस एकादशीचा होता. दुपारी देवळात रंगनाथबुवांचं कीर्तन. बुवा पंच्याहत्तरीचे, डाव्या पायाची करंगळी लहानपणीच बैलगाडीखाली गेलेली. थंडीत देवळाची फरशी बर्फासारखी होते, आणि दोन-अडीच तास अनवाणी उभं राहायचं. गुरुजींना ते बघवेना. बुवांच्या पायाखाली काही तरी मऊ घालायची व्यवस्था त्यांनी आवर्जून केली. काय रंग भरला होता काल! पावणेपाचला तिथून उठताना त्यांचा जीव मागे ओढत होता. देवळातून उठले आणि पाऊण तासाने एका मेलेल्या माणसाशेजारी उभं राहून त्यांनी दुसऱ्याचा विजय पुकारला.

फौजदार कस्तुरे चहा पीत होते.

"गुरुजी, तुमचा विद्यार्थी, मला कळतं. पण मान मोडली आहे. डॉक्टरांचं लेखी आहे."

"त्याने रोजच्याच जागी टाकलं. ही बघा वही. तिन्ही दिवस, तिसरी गिरकी, ईशान्येचा कोपरा."

"तेच तर!" फौजदारांनी कप खाली ठेवला. "त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कापसाच्या गाद्या असतात. म्हणून तर तिथे टाकतात. गुलाबरावांनी सगळं उलगडून सांगितलं. मी काल संध्याकाळी स्वतः ताडपत्रीखाली हात घालून पाहिलं. गाद्या जागच्या जागी. दोन दिवस माणूस उठतो, तिसऱ्या दिवशी मरतो. जागा तीच, गादी तीच. मग बदललं काय? टाकणाऱ्याचं मन बदललं. आदल्या दिवशी भांडण झालंय, धमकी दिलीय."

गुरुजींनी वही मिटून खिशात ठेवली. पण उठता उठता त्यांच्या कानात कालचा तो आवाज पुन्हा आला. पहिले दोन दिवस इंद्रभान पडला तेव्हा आवाज झाला होता मृदंगाच्या धुमेसारखा, ओली कणीक लावलेल्या बाजूचा, 'धप्प'. काल झाला तो 'खाड' असा. लाकडाचा.

आणि त्यांना शिंक आली होती.

शिंक का आली असेल?

३

उद्धव गजाआड गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"भांडण कशावरून झालं रे?"

"मले हे नुरा कुस्त्या खेळाचा वीट आला गुरुजी. खोटंच पडा, खोटंच उठा. म्या म्हटलं, उद्या खरी लढतो, पायतो तुले. इंद्रभानदादानं एक कानफटात लावली. म्हणे, येड्या, खरी कुस्ती एकट्याची असते, हे दोघायची असते. माहा जीव तुह्या हातात असते अन् तुहा माह्या." तो हुंदका दाबत म्हणाला, "मंग सकाळी आमी संगं भाकर खाल्ली. हे कोणी पाह्यलं नाई."

कंपनीचा मुक्काम मैदानाच्या कडेच्या राहुट्यांमध्ये होता. अन्नपूर्णाबाई राहुटीत भिंतीसारखी ताठ बसली होती. इंद्रभानचा देह अजून सरकारी दवाखान्यातून यायचा होता. गावातल्या वच्छलाबाई तिच्याजवळ बसून होत्या. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एकादशीचं मरण आलं वं माय, भाग्याचं."

"भाग्य!" अन्नपूर्णाबाई एवढंच बोलली.

गुरुजी खाली जमिनीवर बसले. "बाई, उद्धववर तुमचा संशय आहे का?"

"नाई. ते पोरगं कच्चं हाये, कपटी नाई." ती म्हणाली. "गुरुजी, तुमी पाह्यलं असंन, खेळाच्या आंधी हे त्या कोपऱ्यात वाकत, भुईले हात लावत अन् कपाळाले लावत."

"हो तर. लोक म्हणत, बुरख्यात असला तरी देवाला भिणारा आहे."

"देवाले भीत होतेच. पण तो नमस्कार नव्हता." तिचा आवाज खाली गेला. "थे हातानं दाबून पाहत, का खाली गादी हाये का नाई. दाबून पाह्यल्याबिगर थे कधीच पडले नाई. कालबी दाबलं. मी पडद्याच्या फटीतून पाहत होती. दाबलं, अन् कपाळाले हात लावला. म्हणजे मऊ होतं. मंग माह्या माणसाची मान कशी मोडली, हे मले सांगा."

फौजदारांचा हात सांगत होता, गादी होती. मेलेल्या माणसाचा हातही तेच सांगत होता. फक्त त्यांचे कान सांगत होते, नव्हती.

४

भालचंद्र कंपनीचा पुकारा करणारा. भोंग्यात तोंड घालून 'या या, पहा पहा' ओरडायचा. चार वर्षांपूर्वी काळा बुरखा त्याच्याच तोंडावर होता. पाय मोडला, बुरखा इंद्रभानकडे गेला आणि भालचंद्राकडे लंगडा पाय राहिला. रोज खेळाआधी नारळ फोडून ईशान्येच्या खांबाला कुंकू लावायचं कामही त्याचंच. गुरुजींना हे सगळं मनात जुळवताना बरं वाटलं नाही, पण जुळत होतं.

"समजलो," भालचंद्र म्हणाला. "माह्यावर शक हाये तुमचा. लंगडा, जळका, कोपऱ्यात रोज वाकणारा. फौजदारसायबालेबी अजून सुचलं नाई हे."

"तुम्ही काल ताडपत्रीला हात लावला होता?"

"नारळ फोडला, कुंकू लावलं, बस. अन् जळत होतो म्हणता? त्या बुरख्यात उन्हाळ्यात जीव गुदमरते गुरुजी. इंद्रभाननं तो घेतला तवा म्या त्याचे पाय धरले होते." तो आजूबाजूला पाहून जवळ सरकला. "एक गोष्ट सांगतो, मालकाले सांगू नका. गुलाबराव सा वर्षांत कधी आखाड्यावर चढले नाई. त्यायले कंबरदुखी. पण काल साडेचारले थे सोता त्या कोपऱ्यात वाकले होते. घामानं भिजले होते. म्या म्हटलं, मालक, काय हाये? त म्हणे, तू आपला भोंगा पाय."

"आणि आखाडा लावणारा तो अर्जुनराव? त्याचं काम ना ते?"

"थो दुपारपासूनच नव्हता. कुठी गेलता, देव जाणे. पुकारा चालू झाला तरी आला नाई."

मैदान रिकामं होतं. गुरुजी पिंपावर पाय देऊन, कोटाची टोकं सावरत आखाड्यावर चढले. उभ्या आयुष्यात ते असे कुठे चढले नसतील. ईशान्येच्या कोपऱ्यातली ताडपत्रीची दोरी त्यांनी सोडली, आणि फौजदारांनी नुसता हात घातला होता तिथे त्यांनी ताडपत्री पुरती उलटी केली.

गाद्या होत्या. एकावर एक, दोन, घट्ट कापसाच्या. दाबून पाहिल्या, मऊ. पण कडेच्या फळ्यांच्या फटींत पिवळट भुसकट भरलं होतं. त्यांनी चिमूट उचलली. तुरीचं कुटार. गुरांच्या चाऱ्याचं. इथे गुरं कुठली? ते बोटांत चुरताच त्यांना सटकन शिंक आली. कालच्यासारखीच.

मग त्यांनी वरच्या गादीकडे नीट पाहिलं. पांढरी खोळ काळपट झाली होती. त्यांनी बोट फिरवून नाकाशी नेलं.

तो वास त्यांनी हजारदा घेतला होता. बुक्का होता तो. अबीर-बुक्का, कपाळाला लावायचा, बुवांच्या पायावर वाहायचा. आणि त्या काळपट खोळीवर मधोमध दोन पावलं होती, पांढरी, स्वच्छ, कुणी तरी तास न् तास उभं राहिल्यासारखी.

डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

५

अर्जुनराव त्यांना बालाजीच्या देवळातच सापडला. आखाड्याच्या फळ्या जोडणारा तो दणकट माणूस खांबाला टेकून एकटाच बसला होता. गुरुजींना पाहिल्यावर तो उठला नाही. जणू वाटच पाहत होता.

"तुमाले कळलं," तो म्हणाला.

"गाद्या कुणी दिल्या देवळाला?"

"मालकानं. कोण्या तरी मोठ्या माणसानं शब्द टाकला होता त्यायच्यापाशी, का म्हातारे बुवा हायेत, पायाखाली काही मऊ पायजे." अर्जुनराव त्यांच्याकडे पाहत नव्हता. "मालक म्हणे, गावातली मानाची माणसं हायेत, नाई कसं म्हनाव. चारले कीर्तन सुटते, तू जा अन् घेऊन ये. मी पावणेचारलेच येऊन उभा राह्यलो. तिथं, त्या दारात."

शब्द टाकणारा मोठा माणूस गुरुजी स्वतः होते. गुलाबरावांनी 'चिंता नको गुरुजी, मी पाठवतो' म्हटलं, तेव्हा 'कुठून' हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"मग चारला का नाही नेल्या?"

"कशा नेऊ?" अर्जुनराव पहिल्यांदा वर पाहत म्हणाला. "बुवा समारोपाले आलते. पाऊणशे वर्साचा माणूस, घामानं चिंब. तेवढ्यात कोणीतरी चिठ्ठी धाडली, का महाराज, थांबू नका, सुदाम्याचं आख्यान लावा. बुवा हसले अन् लावलं. समदे लोक रडून राह्यले होते. मीबी रडलो गुरुजी. उभ्या कीर्तनात बुवाच्या पायाखालची गादी ओढून काढू? कोणाचा हात धजंन? म्या म्हटलं, आता सरंन, मंग सरंन. साडेपाचले सरलं. डोक्शावर गाद्या घेऊन पळत सुटलो. मैदानाच्या फाटकाशी पोचलो, अन् आवाज आला."

'खाड.' दोघांनीही तो पुन्हा ऐकला.

"इंद्रभानले दवाखान्यात नेऊन राह्यले, लोक सैरावैरा. मालकानं माह्या हातून गाद्या घेतल्या. थ्या जागेवर कुटाराचं पोतं होतं, दबून चपटं झालेलं. मालकानंच भरून ठेवलं होतं. हाताले मऊ लागंन, अंगाखाली काहीच नाई. पोतं काढलं, गाद्या सारल्या. मले म्हणे, बोलला त तूबी जाशीन."

देवळात घंटा वाजवून कुणी तरी गेलं.

मग अर्जुनराव हळूच म्हणाला, "चिठ्ठी कोणाची होती, हे मले माहीत हाये गुरुजी. म्या तुमाले लिहिताना पाह्यलं. पण त्याचं काही काम नाई. कुटाराचं पोतं, बुक्का, तेवढ्यात उद्धव सुटते. चिठ्ठीचं मी कोणाले सांगत नाई. तुमी देवमाणूस."

गुरुजींनी समोर पाहिलं. बालाजीच्या मूर्तीवर कालचाच हार होता, कोमेजलेला. काल याच जागी, डोळे मिटून, त्यांना वाटलं होतं की हा क्षण संपू नये. तो संपू नये म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली होती. मग सुदाम्याचे पोहे अर्धेमुर्धे सोडून स्वतः मात्र वेळेवर उठून गेले होते, पंचाच्या खुर्चीवर बसायला.

त्यांनी कोटाच्या खिशातून वही आणि पेन्सिल काढली.

६

दीड वाजता आखाड्याभोवती पुन्हा माणसं जमली. ओरडणारं कुणी नव्हतं. फौजदार कस्तुरे, बेड्या घातलेला उद्धव, रुखमाबाई, कंपनीची माणसं आणि रेशमी फेट्यातले गुलाबराव.

"गुरुजी, यष्टी चुकेल," फौजदार म्हणाले.

"चुकू द्या. अर्जुनराव, ज्वारीचं पोतं."

अर्जुनरावाने मणाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि ईशान्येच्या कोपऱ्यात, गादीवरच्या ताडपत्रीवर टाकलं. धप्प.

"आता गाद्या काढा आणि हे घाला." राहुट्यांमागे फेकलेलं कुटाराचं ते चपटं पोतं भालचंद्राने आणून ठेवलं होतं, गुरुजींनी ते हातांनी चुरून फुगवलं. "फौजदारसाहेब, दाबून पहा. मऊ लागतं?"

"लागतं."

"टाका, अर्जुनराव."

खाड! फळ्यांच्या फटीतून पिवळी धूळ उडाली. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांना शिंका आल्या. मागून एक म्हातारा पुटपुटला, "हाच. कालचा आवाज हाच होता."

अन्नपूर्णाबाईने राहुटीच्या दारातच डोळे मिटून घेतले.

"हे त काहीही!" गुलाबराव पुढे झाले. "सायबानं सोता गाद्या पाह्यल्या! गुरुजी चेल्यासाठी सोंग करून राह्यले!"

"गाद्या होत्या," गुरुजी म्हणाले, "पण माणूस पडल्यावर आल्या. साहेब, ही वरची गादी पहा. खोळीवर बुक्का आहे. ताडपत्रीखाली बुक्का कुठून आला? ही पावलं रंगनाथबुवांची आहेत. बुवा गावातच आहेत, पाऊल ताडून पहा. पहिल्या दोन दिवसांत ही गादी देवळात गेलेली नव्हती. काल दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत ती बुवांच्या पायाखाली होती. साडेपाचला इंद्रभान पडला. तो पडला तेव्हा या कोपऱ्यात गादी असणं शक्य नाही. उद्धवने जे रोज केलं तेच केलं. इंद्रभाननेही रोजच्यासारखं दाबून पाहिलं. त्याच्या हाताला फसवलं ते या पोत्याने. आणि काल साडेचारला इथे वाकलेला माणूस एकच होता."

भालचंद्र लंगडत पुढे आला. "म्या पाह्यलं. मालक होते."

गुलाबरावांचा फेटा जणू एकाएकी जड झाला. ते पिंपावर टेकले.

"मैदान भरलं होतं," ते म्हणाले. "शेवटची जोड नाई म्हटलं असतं त लोकायनं राहुट्या जाळल्या असत्या. म्या म्हटलं, एका दिवसाचा त सवाल हाये."

"इंद्रभानला सांगायचं होतं," गुरुजी म्हणाले. "तो अलगद पडला असता. पडलाच नसता. एक वाक्य."

"त्यानं ऐकलं नसतं. म्हणला असता, जीवाशी खेळ करतो काय." गुलाबराव उसळून उभे राहिले. "मारायचं नव्हतं मले! अन् गाद्या काय म्या हौसेनं देल्त्या? कोणाच्या शब्दावर देल्या, थेबी सांगा ना समद्यायले! बोला!"

अर्जुनराव गुरुजींकडे पाहून मानेनेच नको नको म्हणत होता.

"सांगणारच आहे," गुरुजी म्हणाले. "लिहूनच आणलंय." त्यांनी वही उघडली. आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा सरळ ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "तिसरा दिवस, शेवटची जोड. पंचाचा निकाल चुकीचा होता, तो मागे घेत आहे. गुलाबराव यांनी गादीच्या जागी कुटार घातलं, दोघा खेळाडूंना अंधारात ठेवलं आणि मग दोष उद्धववर ढकलला. गादी मागितली ती मी, भगवंतराव पाठक याने. कुठून येते ते विचारलं नाही. कीर्तन चारला संपत होतं. ते लांबवायची चिठ्ठी माझी. चारला गादी परत गेली असती तर इंद्रभान आज जिवंत असता."

रुखमाबाईने तोंडाला पदर लावला.

फौजदारांनी उद्धवच्या हातातल्या बेड्या काढल्या आणि गुलाबरावांना घातल्या. मग गुरुजींजवळ येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर लावायला माझ्याकडे कलम नाही."

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "तेच अवघड आहे."

७

चारच्या सुमारास दवाखान्यातून देह आला. राहुटीपुढे तिरडी बांधून झाली. कडब्यावर पांढरं कापड अंथरलं होतं. उद्धव एका कडेला उभा होता. त्याला कुणी खांदा द्यायला बोलावलं नव्हतं आणि तो गेलाही नव्हता.

अन्नपूर्णाबाई बाहेर आली. वरची, पावलांची गादी फौजदारांनी पुराव्याला नेली होती. खालची आखाड्यावर तशीच पडून होती, तिच्याही खोळीला वरचा बुक्का लागलेला. तिने अर्जुनरावाला ती आणायला सांगितली.

"हे घाला खाली."

जाणते पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. तिरडीवर गादी घालायची रीत नव्हती.

"रीत मले नका सांगू," ती म्हणाली. "काल घालाची होती, आज घाला."

गादी घातली गेली. मग तिने गर्दीत मागे उभ्या असलेल्या भगवंतरावांकडे पाहिलं. लोकांनी आपोआप वाट दिली. गुरुजींना वाटलं, आता ही बाई आपल्या तोंडावर बोलेल, आणि ते ऐकायलाच आपण आलो आहोत.

"गुरुजी, तुमी पंच होते ना," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "थे दाबून पाह्यल्याबिगर पडत नव्हते. आता त्यायले पाहता येत नाई. तुमी पाहा."

भगवंतराव गुडघे टेकून बसले. त्यांनी तळहात गादीवर ठेवला आणि दाबला, एकदा, मग पुन्हा एकदा, सगळा भार देऊन. खाली कापूस होता. घट्ट, जाड, खरा.

"आहे," ते म्हणाले.

उद्धव पुढे आला. अन्नपूर्णाबाईने त्याला अडवलं नाही. त्याने इंद्रभानला आडवं उचललं, जसं तिन्ही दिवस उचललं होतं, आणि या वेळी इतक्या हळू ठेवलं की कसलाच आवाज झाला नाही.

गुरुजींनी तो हात कपाळाला लावला. हात बाजूला घेतला तेव्हा कपाळावर बुक्क्याचा काळा डाग उमटला होता.